भिलाईपर्यंत न आलेली मोटार

भिलाईतल्या नंदिनी रोडवरच्या एका गॅरेजात गेल्या हिवाळ्यात एक डॉज किंग्जवे उभी होती. रंग उडालेला, मागचे पाटे बसलेले, पण क्रोमच्या पट्ट्या बहुतेक जागच्या जागी. मिस्त्रींनी बॉनेट वर केलं तेव्हा इंजिनाच्या आधी नजरेत भरली ती आतली रिकामी जागा. मूळचं सहा सिलिंडरचं पेट्रोल इंजिन कुणीतरी फार पूर्वी उतरवलेलं, त्याच्या जागी चार सिलिंडरचं डिझेल. रेडिएटर आणि पंखा यांच्यामध्ये माझा हात कोपरापर्यंत सहज गेला. पंख्याला हवा ओढता यावी म्हणून तिथे पत्रा वाकवून नळकांडं केलं होतं. आतल्या भिंतीवर एक लहानशी पट्टी होती. बोटाने काजळी पुसली तेव्हा प्रीमियर ऑटोमोबाइल्सचं नाव वाचता आलं.

शेजारी एक तरुण मोबाइलवर व्हिडिओ काढत होता. त्याने विचारलं, "अंकल, ये मसल कार है ना?"

मी नाही म्हणालो. पण मग ही कोण, ती कोण, आणि दोघींच्या मधल्या वर्षांत काय घडलं, हे उभ्या उभ्या सांगण्यासारखं नव्हतं. ते इथे मांडतो.

लांबलचक अमेरिकन गाडी दिसली की तिला मसल कार म्हणायची रीत आपल्याकडे पडली आहे. इम्पाला तर सर्रास त्यात घातली जाते. पण मसल कारचं मर्म लांबीत नव्हतंच. मध्यम किंवा लहान अंगाची, साधी, परवडणारी गाडी घ्यायची आणि तिच्यात थोरल्या गाडीचं व्ही-८ इंजिन बसवायचं, ही ती कल्पना. त्यामुळे मसल कार कळायची असेल तर आधी अमेरिकेची लहान गाडी कळायला हवी. माझ्या मते त्या सगळ्या काळाचा खरा नायक ही लहान गाडीच आहे, आणि आपल्या देशाचा संबंध येतो तोही तिच्याशीच.

१९५० च्या दशकात अमेरिकन गाड्या दर वर्षी लांब, रुंद आणि जड होत गेल्या. १९५८ मध्ये तिथे मंदी आली, लोकांनी हात आखडता घेतला. जर्मनीची फोक्सवॅगन बीटल आणि अमेरिकन मोटर्सची रॅम्बलर या छोट्या गाड्या मात्र खपत होत्या. तेव्हा तिन्ही बड्या कंपन्यांनी १९५९ च्या ऑक्टोबरात आपापली लहान गाडी बाजारात आणली: फोर्डची फाल्कन, शेव्हरोलेची कॉर्व्हेअर आणि क्रायस्लरची व्हॅलियंट. लहान म्हणजे अमेरिकन मापाने लहान. फाल्कन आपल्या ॲम्बॅसेडरपेक्षा जेमतेम फूटभर लांब होती.

कॉर्व्हेअरचं इंजिन मागे होतं आणि हवेने थंड होणारं होतं. ती वेगळ्या वाटेने गेली, आणि १९६५ मध्ये राल्फ नेडर यांच्या पुस्तकाने तिच्या सुरक्षिततेवर बोट ठेवल्यावर तिचं नाव उतरलं ते उतरलंच. फाल्कन अगदी सरळ गाडी. २.४ लिटरचं सहा सिलिंडर इंजिन, ९० अश्वशक्ती, मागे पाटे, कुठेही नखरा नाही. पहिल्याच वर्षात चार लाखांहून जास्त खपली. तिच्यामागे रॉबर्ट मॅकनमारा हे गृहस्थ होते. पुढे ते अमेरिकेचे संरक्षणमंत्री झाले आणि १९६८ पासून जागतिक बँकेचे अध्यक्ष. आपल्याकडे त्यांचं नाव माहीत आहे ते या दुसऱ्या नात्याने. व्हॅलियंटचं इंजिन तिघींत सर्वांत चांगलं होतं, असं मी बेलाशक म्हणेन. तीस अंशांत कललेलं, ओळीत सहा सिलिंडर असलेलं हे इंजिन क्रायस्लरने वीसहून अधिक वर्षं मोटारींत वापरलं. कलतं असल्यामुळे बॉनेट बसकं ठेवता आलं आणि बाजूला लांब मॅनिफोल्डला जागा मिळाली. ते सहजासहजी बिघडत नसे, आणि बिघडलं तर पान्याने उघडून दुरुस्त होई.

या साध्या गाड्यांच्याच पोटातून मसल कारचं युग निघालं. १७ एप्रिल १९६४ रोजी न्यूयॉर्कच्या जागतिक प्रदर्शनात फोर्डने मस्टँग दाखवली. फोर्डच्याच ली आयकोका यांनी तिचा असा गाजावाजा केला की पहिल्याच दिवशी सुमारे २२ हजार मागण्या आल्या. आपल्याकडे त्या काळी सगळ्या कंपन्या मिळून वर्षभरात तयार होणाऱ्या मोटारींचा आकडा वीस-पंचवीस हजारांच्या आसपास होता. आणि या मस्टँगच्या अंगाखाली होतं काय? फाल्कनचाच सांगाडा. किंमत २,३६८ डॉलरपासून; तेव्हाच्या ४ रुपये ७६ पैसे दराने साडेअकरा हजार रुपयेसुद्धा होत नाहीत. त्याआधी दोन आठवडे क्रायस्लरच्याच प्लिमथने व्हॅलियंटवरून बाराकुडा काढली होती.

जनरल मोटर्सच्या पाँटियाकची जीटीओ त्याच वर्षीची. जनरल मोटर्समध्ये नियम होता की मधल्या मापाच्या गाडीत ५.४ लिटरपेक्षा मोठं इंजिन घालायचं नाही. जॉन डिलोरियन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यातून वाट काढली. नियम मूळ गाडीला लागू होता, जादा घ्यायच्या सामानाला नव्हता. तेव्हा जीटीओ हे वेगळं मॉडेल न ठेवता जादा सामानाचा संच म्हणून विकायचं आणि त्यात ६.४ लिटरचं, ३२५ अश्वशक्तीचं इंजिन द्यायचं. पाच हजार खपतील असा अंदाज होता. त्या वर्षी ३२ हजारांहून जास्त गेल्या. मग सगळ्यांनाच हा रस्ता दिसला. १९६६ च्या सप्टेंबरात कॅमेरो आली, १९६७ च्या उत्तरार्धात प्लिमथची रोडरनर आणि अमेरिकन मोटर्सची जॅव्हलिन. नोव्हा, डार्ट, डस्टर या मुळात गृहस्थी गाड्या. त्यांतही थोरली इंजिनं बसू लागली. १९७० ची डस्टर ३४० मला या सगळ्यांत प्रामाणिक वाटते. हलकं अंग, ५.६ लिटरचं इंजिन, आणि किंमत अशी की कारखान्यातल्या तरुण कामगाराला हप्त्यांवर झेपावी. त्याच वर्षी शेव्हेलमध्ये ४५० अश्वशक्तीचं इंजिन मिळू लागलं. चढ तिथे संपला.

उतार झपाट्याने आला. विमा कंपन्यांनी तरुण चालकांचे हप्ते वाढवले. १९७० चा स्वच्छ हवेचा कायदा आला. शिसंविरहित पेट्रोलची तयारी म्हणून इंजिनांचं कॉम्प्रेशन उतरवावं लागलं. १९७२ पासून अश्वशक्तीचे आकडे सगळे जोड लावलेल्या इंजिनावर मोजून छापू लागले, त्यामुळे कागदावरचे आकडे एकदम खाली आले. ऑक्टोबर १९७३ मध्ये अरब देशांनी तेल रोखलं. पेट्रोलपंपांवर रांगा लागल्या तेव्हा लोक पुन्हा साध्या सहा सिलिंडरच्या डार्ट आणि व्हॅलियंटकडे वळले. ज्या गाड्यांपासून हे सगळं सुरू झालं, त्याच शेवटी तग धरून राहिल्या.

आता आपल्या बाजूने पाहू. अमेरिकन मोटार मुंबईला नवी नव्हती. जनरल मोटर्सने १९२८ मध्ये शिवडीला गाड्या जोडायला सुरुवात केली होती, फोर्डचाही मुंबईत कारखाना होता. पेट्यांतून सुटे भाग यायचे, इथे गाडी उभी राहायची. आपल्या देशाने मोटार स्वतः बनवावी असा आग्रह धरणाऱ्यांत मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या आघाडीवर होते. पुण्यात शिकलेल्या आणि खडकवासल्याला स्वयंचलित दारं बसवणाऱ्या या इंजिनियरने १९३५ मध्ये युरोप-अमेरिकेचे कारखाने पाहून मुंबईसाठी मोटार कारखान्याची योजना आखली. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी ती उचलून धरली. १९३९ मध्ये ते अमेरिकेला गेले. फोर्डशी जमलं नाही, क्रायस्लरशी जमलं. (याच प्रवासात विमानात अमेरिकन विमान-व्यावसायिक विल्यम पॉली भेटले आणि त्यातून बंगळुरूच्या हिंदुस्तान एअरक्राफ्टची बीजं पडली. एका माणसाच्या एका दौऱ्यातून एवढं निघावं, याचं मला आजही नवल वाटतं.) युद्धकाळात इंग्रज सरकारने कारखान्याला हात दिला नाही. १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन झाली आणि १९४७ मध्ये कुर्ल्याहून गाड्या बाहेर पडू लागल्या. डॉज, प्लिमथ, डिसोटो: नावं तीन, गाडी बहुतांशी एकच. नंदिनी रोडवर उभी असलेली किंग्जवे त्याच घराण्यातली.

१९५३ मध्ये टॅरिफ कमिशनने शिफारस केली की भाग टप्प्याटप्प्याने इथेच बनवण्याचा कार्यक्रम असेल त्यांनाच गाड्या करू द्याव्यात. शिवडीचा आणि फोर्डचा असे दोन्ही कारखाने गुंडाळले गेले. प्रीमियर राहिली, आणि तिने इटलीच्या फियाटशीही करार करून १९५४ पासून ११०० ही छोटी गाडी हाती घेतली. काही वर्षं एकाच छपराखाली दोन संसार होते. एकीकडे साडेतीन लिटरच्या वरचं इंजिन असलेली डॉज, दुसरीकडे १,०८९ घन सेंटीमीटरची फियाट. १९५७-५८ मध्ये परकीय चलनाची गंगाजळी आटली तेव्हा यातली कुठली उरणार हे वेगळं सांगायला नको.

ही तारखांची चुटपुट मला कायम वाटत आली आहे. क्रायस्लरशी इतकी वर्षं नातं असलेली कंपनी कुर्ल्यात होती. क्रायस्लरची पहिली लहान गाडी ऑक्टोबर १९५९ मध्ये आली. आणि तोवर आपलं दार लागलं होतं. इतर देशांत तेव्हा काय चाललं होतं? ऑस्ट्रेलियाने फाल्कन आणि व्हॅलियंट दोन्ही घेतल्या, तिथल्या रस्त्यांसाठी मजबूत केल्या आणि पुढे त्यांच्यातून स्वतःची मसल कार घडवली. तिथली फाल्कन थेट २०१६ पर्यंत बनत होती. अर्जेंटिनात फाल्कन १९६२ ते १९९१ अशी जवळपास तीस वर्षं चालली. तिथल्याच एका कारखान्याने रॅम्बलरचा सांगाडा घेऊन १९६६ मध्ये तोरिनो काढली आणि १९६९ मध्ये ती जर्मनीत न्युर्बुर्गरिंगच्या ८४ तासांच्या शर्यतीत उतरवली. अमेरिकेची लहान गाडी दुसऱ्या मातीत रुजू शकत होती, याचे हे चालते-बोलते दाखले.

मग आपण चुकलो का? व्हॅलियंट इथे आली असती तर ती पेट्रोल जास्त प्यायली असती, पत्रा जास्त लागला असता आणि सामान्य पगारदाराच्या आवाक्याबाहेर राहिली असती. चलन नसलेल्या देशाने छोटी फियाट निवडली हे मला योग्यच वाटतं. चूक झाली ती नंतर. ऑस्ट्रेलिया आणि अर्जेंटिनाने घेतलेल्या गाडीवर स्वतः काम केलं. आपण बाजार राखून दिला, परवाने दिले, रांगा लावल्या, आणि ११०० चीच प्रेसिडेंट, प्रेसिडेंटचीच पद्मिनी करत ती गाडी विसाव्या शतकाच्या शेवटापर्यंत नेली. संरक्षण शिकण्यासाठी असतं. शिकण्याची सक्ती कुणी केली नाही. मुंबईच्या रस्त्यावरून पद्मिनीची शेवटची टॅक्सी २०२३ च्या ऑक्टोबरात उतरली. तिच्यावर माझं प्रेम आहे, पण तिने तीस वर्षांची वाट अडवली होती हेही खरं आहे.

भिलाईत बसून हे लिहिताना पोलादाचा मुद्दा सोडवत नाही. आमचा कारखाना फेब्रुवारी १९५५ च्या सोव्हिएत कराराचा. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते इथली पहिली झोतभट्टी सुरू झाली. म्हणजे डेट्रॉइटमध्ये फाल्कन आणि व्हॅलियंटची तयारी चालू होती त्याच वर्षी. पण भिलाईचं पोलाद रुळांचं, तुळयांचं, तारेचं आणि पुढे जाड पाट्यांचं. मोटारीचं अंग त्यातून घडत नाही. त्याला लागतो थंड अवस्थेत लाटलेला पातळ पत्रा, जो साच्यात दाबला तर फाटत नाही आणि सुरकुतत नाही. तो जर्मन मदतीच्या राउरकेलाचा प्रांत. तिसरं मोठं नाव बोकारोचं, आणि तिथे अमेरिका येते. बोकारोसाठी अमेरिकेची मदत मागितली होती. अध्यक्ष केनेडी अनुकूल होते. सरकारी मालकीच्या कारखान्याला पैसे देणं अमेरिकन काँग्रेसला मान्य नव्हतं. १९६३ च्या ऑगस्टअखेर नेहरूंनी मागणी मागे घेतली आणि काम पुढे सोव्हिएत संघाकडे गेलं. त्यानंतर आठच महिन्यांत मस्टँग आली. अमेरिकन कारखाना आला असता म्हणून अमेरिकन मोटार आली असती, असं मी म्हणणार नाही. पण पत्र्याचा कारखाना दशकभर लांबला, बोकारोची पहिली भट्टी १९७२ ला पेटली, आणि पत्र्याशिवाय मोटारीचा कोणताच धंदा वाढत नाही.

तेव्हा आमच्या या गावापर्यंत अमेरिकेचं काही पोहोचलंच नाही का? पोहोचलं, पण कामाच्या कपड्यांत. मुंबईत १९४० च्या दशकाच्या अखेरीपासून महिंद्रांनी जोडायला घेतलेली विलिज जीप, आणि कुर्ल्याहून निघणारे डॉज आणि फार्गो ट्रक. दल्ली-राजहराच्या लोहखाणींकडे जाणाऱ्या तांबड्या धुळीच्या रस्त्यांवर, जंगलखात्यात, सर्व्हेच्या कामात जीपला पर्याय नव्हता. तिकडे अमेरिकेत १९७० मध्ये जीपचा धंदा अमेरिकन मोटर्सने विकत घेतला, म्हणजे जॅव्हलिन आणि जीप एका घरच्या झाल्या. साध्या, कमी भागांच्या, कुठेही दुरुस्त होणाऱ्या गाडीचं जे ब्रीद फाल्कनमध्ये होतं, ते भारतात जीपने पाळलं.

बाकी ज्या मोजक्या इम्पाला, डार्ट, व्हॅलियंट इथे आल्या, त्या वकिलातींच्या आणि परदेशी अधिकाऱ्यांच्या. ते मायदेशी परतताना गाड्या स्टेट ट्रेडिंग कॉर्पोरेशनमार्फत विकल्या जात. त्यातूनच त्या मुंबईच्या चित्रपटवाल्यांकडे आणि उद्योगपतींकडे गेल्या, पडद्यावर आल्या, आणि 'इम्पाला' हा श्रीमंतीचा समानार्थी शब्द झाला. पेट्रोल महागल्यावर अनेक जुन्या अमेरिकन गाड्यांची मूळ इंजिनं उतरवून डिझेल बसवलं गेलं. नंदिनी रोडवरच्या बॉनेटखालची ती मोकळी जागा म्हणजे त्याच काळाची खूण.

मराठी माणसाची आणि या गाड्यांची मोठी भेट झाली ती मात्र इथे नाही, तिकडे. १९६५ च्या स्थलांतर कायद्याने अमेरिकेची दारं उघडली आणि इथून इंजिनियर, डॉक्टर जाऊ लागले. शिष्यवृत्तीवर राहणाऱ्या विद्यार्थ्याला परवडे ती दुसऱ्या-तिसऱ्या हाताची लहान अमेरिकन गाडी: डार्ट, फाल्कन, नोव्हा, नाहीतर १९६९ ला १,९९५ डॉलरला निघालेली मॅव्हरिक. आमच्या घरात मामांनी मिशिगनहून पाठवलेला एक फोटो आहे. बर्फात उभी फिकट हिरवी डार्ट, तिच्या बॉनेटवर हातमोजा घातलेला हात, आणि मागे पेन्सिलीने लिहिलेलं, 'आईस दाखवणे. हीटर उत्तम.' आजीने तो फोटो देवघराच्या फडताळात ठेवला होता. मामांच्या पत्रांत गाडीच्या वेगाबद्दल कधी काही नसे. उणे तापमानात पहाटे एका किल्लीत सुरू झाली, तीनशे मैलांवरच्या मराठी मित्राकडे गणपतीला जाऊन आलो, असं असे. व्हॅलियंट-डार्टच्या त्या कलत्या इंजिनाबद्दल मी वर जे बेलाशक म्हटलं, त्याचं मूळ या पत्रांत आहे.

आज चित्र बदललं आहे. २०१६ मध्ये फोर्डने मस्टँग अधिकृतपणे भारतात विकायला काढली, पाच लिटरच्या व्ही-८ सह, सुमारे ६५ लाखांना. मूळ गाडी ज्या परवडण्यावर उभी होती ते यात उरलं नव्हतं. जुन्या गाड्यांसाठी दोन नियम महत्त्वाचे. २०२१ च्या जुलैत केंद्राने पन्नास वर्षांहून जुन्या गाड्यांची वेगळी नोंदणी सुरू केली: वीस हजार रुपये शुल्क, दहा वर्षांची मुदत, आणि राज्याच्या अक्षरांपुढे 'व्हीए'. म्हणजे दुर्ग जिल्ह्याच्या 'सीजी ०७' ऐवजी 'सीजी व्हीए'. रोजच्या वापराला आणि धंद्याला मात्र ती चालत नाही. दुसरा नियम आयातीचा. पूर्वी १९५० च्या आधीच्याच गाड्या आणता येत; २०२५ मध्ये पन्नास वर्षं पूर्ण झालेल्या गाड्यांना वाट मोकळी झाली. १९६४ ते १९७४ हा मसल कारचा सगळा काळ त्यात येतो. कर भरपूर आहे, त्यामुळे येतील त्या नावाजलेल्या आणि महागड्याच येतील, अशी मला काळजी वाटते. ज्यांना खरोखर तो काळ समजून घ्यायचा आहे त्यांनी एखादी सहा सिलिंडरची फाल्कन किंवा व्हॅलियंट आणावी.

इंधनाचाही विचार हवा. त्या काळची दहा-अकराच्या कॉम्प्रेशनची इंजिनं शिशाच्या, चढ्या ऑक्टेनच्या पेट्रोलवर चालायची. आपल्याकडे शिसं २००० मध्ये गेलं, आणि आता पंपावर वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल आहे. जुन्या रबरी नळ्या, कार्बोरेटरचे पडदे आणि वॉशर त्याने फुगतात, चिरतात. ते आधी बदलावे, व्हॉल्व्हच्या सीट कठीण धातूच्या बसवाव्या, आणि गाडी महिनोन्महिने उभी राहणार असेल तर टाकी व कार्बोरेटर रिकामे करावे. छत्तीसगडच्या मे महिन्यात हे टाळून चालणार नाही.

पण परदेशातून आणण्याआधी इथे आहे ते वाचवायला हवं. कुर्ल्याच्या कारखान्याच्या जागेवर आज कोहिनूर सिटी उभी आहे; 'प्रीमियर रोड' हे नाव तेवढं राहिलं. तिथे जोडलेल्या डॉज-प्लिमथ, त्या हातांची शेवटची साक्ष, मध्य भारतातल्या गॅरेजांत आणि गोठ्यांत पडून आहेत, आणि भंगाराच्या भावाने जात आहेत.

गेल्या महिन्यात पुन्हा नंदिनी रोडला गेलो. मालकाने मूळचं सहा सिलिंडर इंजिन शोधायला घेतलं आहे, नागपूरच्या एका भंगारवाल्याकडून निरोपही आला आहे. डिझेल उतरवून बाजूला लाकडी ठोकळ्यांवर ठेवलं होतं. मिस्त्री चेसिसवर पालथे होऊन तारेच्या ब्रशने घासत होते. त्यांनी मला खाली वाकायला सांगितलं आणि टॉर्च धरला. डिझेल बसवताना नवं फाउंडेशन वेगळ्या जागी वेल्ड केलं होतं. कुर्ल्याची मूळ भोकं तशीच होती, गोल, न कापलेली. एका भोकात त्यांनी बोल्ट फिरवून पाहिला. आटे लागले.